कॅमेऱ्याचा ताबा कोणाकडे?

अमरावतीच्या साईनगरात अथवा अकोल्याच्या जठारपेठेत सायंकाळी सहज फेरफटका मारणाऱ्याच्या नजरेस हल्ली जी गोष्ट पडल्यावाचून राहत नाही ती ही की, ज्या घरांच्या फाटकावर पूर्वी कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी असे, त्या घरांच्या छज्ज्याखाली आता कॅमेरा येऊन बसला आहे, आणि त्या कॅमेऱ्यातून फाटकाकडे पाहणारे डोळे घरात नसून पुण्यास, बंगळुरास, क्वचित न्यू जर्सीस आहेत. वऱ्हाडातील सुशिक्षित कुटुंबांची ही आजची स्थिती आहे. मुले शिकली, नोकरीनिमित्त बाहेर पडली, मागे चार खोल्यांचे घर आणि दोन वृद्ध जीव राहिले. अशा वेळी आई सकाळी तुळशीला पाणी घालताना मोबाइलवर दिसली की दूरदेशीच्या मुलाला जे समाधान लाभते, त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही.

तेव्हा कॅमेरे बसवूच नयेत असे प्रतिपादन करण्याचा माझा मानस नाही. माझी तक्रार निराळी आहे. दीड हजार चौरस फुटांचा भूखंड घेताना जो वऱ्हाडी गृहस्थ दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खेटे घालतो, खरेदीखताचा शब्द न् शब्द वाचून घेतो, चतुःसीमा पुनःपुन्हा पडताळतो आणि ताबापावती हातात पडल्यावाचून शेवटचा हप्ता देत नाही, तोच गृहस्थ आपले घर अहोरात्र न्याहाळणारे यंत्र मात्र ताबा न घेताच भिंतीवर लावून घेतो. किंमत तो देतो, विजेचे बिल तो भरतो, इंटरनेटचा मासिक आकारही त्याच्याच खात्यातून जातो. परंतु त्या यंत्राचा मुख्य पासवर्ड ज्याला ठाऊक, त्याच्याच स्वाधीन ते यंत्र असते, आणि तो इसम बहुधा घरमालक नसतो.

हा ताबा हुकतो कसा, हे पाहावयाचे तर कॅमेरे बसविण्याच्या दिवशी अशा एखाद्या घरात थोडा वेळ बसून राहावे. अकोल्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे मी असा बसलो होतो. भिंतीला भोके पाडून झाली, वायरी ओढून झाल्या, चित्रे साठवणारी ती काळी पेटी, जिला सर्वजण डीव्हीआर म्हणतात, ती कपाटाच्या माथ्यावर विराजमान झाली, आणि घरच्या बाईंनी तिच्यावर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमालही पांघरला. (उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या गावात, आतील तबकडी आधीच तापलेली असताना, यंत्राला रुमाल पांघरणे हा त्याचा सत्कार नसून अंत्यविधी आहे, पण ते असो.) पेटीने पडद्यावर नवा पासवर्ड मागितला. कॅमेरे बसवायला आलेल्या दुकानातील मुलाने क्षणभरही न थांबता आपल्या दुकानाचे नाव आणि त्यापुढे एक-दोन-तीन असे टंकित केले. "काकाजी, सगळीकडं हाच टाकतो मी, इसरायची भानगड नाही राहत," असा खुलासाही त्याने केला. मग पेटीच्या पोटावरील चौकोनी क्यूआर चिठ्ठी त्याने प्रथम स्वतःच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतली, नंतर काकाजींच्या, आणि त्याच चिठ्ठीचे छायाचित्र पुण्याच्या चिरंजीवांना व्हॉट्सॲपवर रवाना झाले. "माह्या मोबाइलमधे पण राहू देतो. काही बिघडलं तं फोन करजा, घरी बसूनच पाहून घेतो." ज्या मुख्याध्यापकांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका कुलपात ठेवल्या होत्या, ते "ठीक आहे बाबा, तुलाच समजते त्यातलं" एवढेच बोलले, आणि चहा आला.

त्या मुलाच्या मनात पाप नव्हते, हे मी खात्रीने सांगतो. तो कष्टाळू होता आणि त्याची वागणूक त्याच्या धंद्याच्या सोयीची होती. परंतु विचार करा की, एकाच पासवर्डाने शहरातील किती घरे उघडत असतील, त्या दुकानातील नोकर किती वेळा बदलले असतील, सोडून गेलेल्यांच्या मोबाइलमधून ती घरे कोणी पुसून टाकली असतील काय, आणि ज्या घरमालकाला स्वतःचा पासवर्ड ठाऊक नाही त्याला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोठून मिळावे?

येथे यंत्राविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. डीव्हीआर ही व्हीसीआरची धाकटी बहीण आहे असा अनेकांचा समज दिसतो. वस्तुतः तो एक लहानसा संगणकच असून, त्यात लिनक्सची एखादी कार्यप्रणाली चालते, त्यात प्रमाद निघतात, ते दुरुस्त करणारी सुधारित आवृत्ती उत्पादक प्रसिद्ध करतो, आणि ती न चढविल्यास ते प्रमाद जगजाहीर होऊन तसेच राहतात. हा संगणक घराबाहेरून दिसावा यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला जुना मार्ग असा की, घरच्या राउटरमध्ये एक पोर्ट कायमचा उघडून द्यावयाचा, म्हणजे बाहेरून त्या पत्त्यावर येणारी प्रत्येक हाक थेट पेटीपर्यंत पोहोचते. अमरावतीच्या वाचकाला यातील धोका उमगण्यासाठी आपल्या परकोटाचे स्मरण पुरेसे आहे. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून पेठेतील सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमदानीत १८०७ मध्ये ज्या तटाच्या बांधकामास आरंभ झाला, त्याची उंची वीस फुटांहून अधिक आणि घेर दोन मैलांहून अधिक असूनही त्याला दरवाजे होते पाच आणि खिडक्या अवघ्या चार. कारण जितक्या वाटा ठेवाव्या तितक्यांवर पहारा ठेवावा लागतो, हे बांधणारांस पक्के ठाऊक होते. माता खिडकी, छत्रपुरी खिडकी ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात. राउटर हा घरचा परकोट आहे. त्याला पाडलेली खिडकी रात्रंदिवस सताड उघडी राहते, तिच्यावर पासवर्डावाचून दुसरा पहारेकरी नसतो, आणि त्या पहारेकऱ्याचे नाव जर ॲडमिन-एक-दोन-तीन असेल तर पेंढाऱ्याला धाडीची दगदग करण्याचे कारणच उरत नाही.

कोणी म्हणेल की, अकोल्याच्या एका गल्लीतील घराकडे जगाचे लक्ष कशाला जाईल? लक्ष जावे लागतच नाही. २००९ पासून शोडान नावाचे एक शोधयंत्र जगातील झाडून सगळ्या पत्त्यांवर टकटक करून कोठे कोणते यंत्र उत्तर देते याची नोंदवही ठेवीत आले आहे. आणि हेच काम चोरटे कार्यक्रमही करीत असतात. त्यांना घराचे नाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नसते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या अशाच एका कार्यक्रमाने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाहत लक्षावधी कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर आपल्या दावणीला बांधले, आणि त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्या सैन्याचा मारा, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे काही तास अमेरिकेतील असंख्य लोकांना उघडेनात. ज्यांचे कॅमेरे त्या माऱ्यात सामील होते त्यांना त्याचा सुगावाही नव्हता. त्यांना घरचे अंगण नेहमीसारखेच दिसत होते.

दुसरा मार्ग अलीकडचा आणि आपल्याकडे अधिक रूढ आहे. आपल्या बहुतेक घरगुती जोडण्यांत अनेक घरांना मिळून एकच बाह्य पत्ता दिलेला असल्यामुळे खिडकी पाडता येत नाही. म्हणून पेटी स्वतःच उत्पादकाच्या दूरच्या सर्व्हरशी संधान बांधून बसते आणि आपला मोबाइल त्या सर्व्हरमार्फत तिला भेटतो. क्यूआर चिठ्ठीचे प्रयोजन तेच. ही पद्धत उघड्या पोर्टापेक्षा बरी, यात संशय नाही. परंतु येथे विश्वास आपल्या भिंतीवरून उचलून परक्याच्या दप्तरात नेऊन ठेवलेला असतो. अशी जोडणी पुरविणाऱ्या कॅले नामक प्रणालीत २०२१ च्या ऑगस्टमध्ये एक गंभीर दोष उघड झाला, तेव्हा ती प्रणाली आठ कोटींहून अधिक यंत्रांत वापरली जात होती. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या अमेरिकन कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना, सेवा बंद पडून पुन्हा सुरू होताना, आपल्या ॲपमध्ये चक्क दुसऱ्यांच्या घरांची चित्रे दिसली. तेथे ग्राहकांनी काही चुकीचे केले नव्हते.

हे सारे परदेशचे झाले, असे म्हणून सुस्कारा सोडण्याची सोय आता राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांच्या तपासणीची चित्रणे यूट्यूबवर झळकली आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकली जात असल्याचे उघडकीस आले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी माग काढला तेव्हा पहिल्या अटका जेथून झाल्या त्यांत उत्तर प्रदेशातील प्रयागराजबरोबर आपल्या महाराष्ट्रातील लातूर आणि सांगली हे जिल्हे होते. पुढे वृत्तपत्रांत जो तपशील आला, त्याप्रमाणे त्या यंत्रणेचा पासवर्ड होता 'ॲडमिन१२३'. आणि देशातील ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांतून काढलेल्या चित्रणांची संख्या हजारांनी मोजावी लागली. मला या प्रकरणातील सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट ही वाटते की, ज्या स्त्रिया त्या तपासणीच्या मेजावर होत्या त्यांना तेथे कॅमेरा आहे हे माहीत असण्याचीही शक्यता थोडी, मग पासवर्ड बदलण्याची खबरदारी त्यांनी घ्यावी तरी कोठून? नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी चौघांना पकडले, त्यांच्यावर १,२०,००० कॅमेऱ्यांत शिरल्याचा आरोप होता, आणि तेथेही वाट करून दिली ती सोप्या पासवर्डांनीच. युद्धकाळी तर याहून भयंकर घडते: २ जानेवारी २०२४ रोजी कीव शहरावर क्षेपणास्त्रांचा मारा झाला, त्या वेळी रहिवाशांनी परिसरावर नजर ठेवण्यासाठी लावलेले दोन कॅमेरे रशियाने ताब्यात घेऊन नेम पाहण्यासाठी वापरल्याचे युक्रेनच्या सुरक्षा सेवेने जाहीर केले.

घरांहून अधिक काळजी मला दुकानांची वाटते. अकोल्याच्या बाजारात, अडतीच्या पेढीवर किंवा जिनिंगच्या आवारातील कार्यालयात असा एक संगणक हमखास आढळतो, ज्याच्या पडद्यावर अर्ध्या भागात कॅमेऱ्यांची चित्रे आणि अर्ध्या भागात टॅलीचा हिशेब चाललेला असतो. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच संगणकावर शेठजींना घरून पाहता यावे म्हणून एनीडेस्क कायमचे चालू ठेवलेले असते, त्याचाही पासवर्ड एकदाच कोणीतरी घालून दिलेला असतो, आणि त्यावर चालणारे विंडोज ७ तर उत्पादकाने १४ जानेवारी २०२० रोजीच वाऱ्यावर सोडलेले असते. विंडोज १० ची नियमित दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. येथे चोर कॅमेऱ्यासाठी येत नाही. कॅमेरा हे केवळ त्याचे प्रवेशपत्र ठरते. पेढीचा हिशेब आणि पेढीचे कॅमेरे हे दोन स्वतंत्र यंत्रांवर, आणि शक्य तर राउटरच्या दोन स्वतंत्र जाळ्यांवर असले पाहिजेत, यात मला तडजोड मान्य नाही. जुना संगणक फेकवत नसेल तर त्याच्यावर खुशाल कॅमेरे पाहावे. मात्र मग त्याच्यावर बँक उघडू नये.

बंदोबस्त फार अवघड नाही. पेटीचा मुख्य पासवर्ड घरमालकाने स्वतः, कोणी पाहत नसताना, लांब आणि अन्यत्र कोठेही न वापरलेला असा घालावा आणि घरच्या वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. वहीत लिहू नये असा शहाणपणा सांगणारे लोक, साता समुद्रापलीकडचा चोर आपल्या कपाटापर्यंत येत नाही, हे विसरतात. मुलांना पाहण्यापुरते वेगळे खाते द्यावे, ज्यातून चित्रण पुसता येत नाही आणि पासवर्ड बदलता येत नाही. राउटरचाही पासवर्ड बदलावा, आणि त्यातील यूपीएनपी नावाची सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे आतील यंत्र आपल्याला न विचारता स्वतःच खिडकी पाडून घेऊ शकते. ॲपमध्ये दुहेरी पडताळणीची सोय असेल तर ती चालू करावी. ज्यांच्या घरी थोडाबहुत जाणकार मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी तर बाहेरच्या जगाला पेटी दाखवूच नये. वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारख्या व्हीपीएनने आधी ओळख पटवून घरच्या जाळ्यात दाखल व्हावे आणि मगच कॅमेरा पाहावा. टेलस्केलला स्वतंत्र बाह्य पत्ताही लागत नाही आणि घरगुती वापरासाठी ते विनामूल्य मिळते. न्यू जर्सीत संगणकाची नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी दिवाळीला घरी आल्यावर एक दुपार यासाठी द्यावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. आणि जाता जाता पेटीचे घड्याळही पाहावे. वीज जाऊन-येऊन बॅटरी मेलेल्या कित्येक पेट्यांत आजची तारीख १ जानेवारी २००० अशी असते. उद्या चोरी झाली आणि चित्रण पोलिसांना द्यावे लागले, तर पंचनाम्यातील वेळ आणि चित्रणातील वेळ यांचा मेळ घालता घालता फिर्यादीच्या तोंडाला फेस येतो.

तथापि हा भार सर्वस्वी गृहस्थावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या हुकुमाप्रमाणे ९ एप्रिल २०२५ पासून बाजारात येणाऱ्या कॅमेऱ्यांची सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी बंधनकारक झाली, हे उत्तम झाले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच कारखानी पासवर्ड देऊन यंत्र विकणेच बेकायदा ठरले आहे. पण असे हुकूम नव्या मालापुरते असतात. वऱ्हाडातील भिंतींवर गेल्या दहा वर्षांत जे कॅमेरे चढले त्यांना हा हुकूम स्पर्श करीत नाही, आणि दुकानाच्या नावापुढे एक-दोन-तीन लिहिणाऱ्या हातालाही अडवीत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने घरगुती वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ यांखाली गुन्हेगाराला शिक्षा होऊ शकते, परंतु ती अब्रू गेल्यानंतर. आणि आपल्याकडे अब्रूच्या भयाने किती फिर्यादी ठाण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत, हे कोणास ठाऊक नाही?

म्हणून माझी तजवीज साधी आहे. व्यापारी आणि रहिवासी यांनी कॅमेरे बसवावेत असे आवाहन पोलीस खाते वारंवार करते; त्याच आवाहनाला एका कागदाची जोड द्यावी. कॅमेरे बसविणाऱ्याने काम संपताच एकपानी ताबापावती द्यावी, आणि तीत असे लिहून द्यावे की, मुख्य पासवर्ड मालकाने स्वतः घातला आहे, माझ्या अथवा माझ्या नोकरांच्या मोबाइलमध्ये हे घर राहिलेले नाही, राउटरमध्ये कोणताही पोर्ट उघडा ठेवलेला नाही, पेटीवर आजमितीची सुधारित आवृत्ती चढविलेली आहे. खाली दोघांच्या सह्या. महानगरपालिकांनी, आणि त्यांच्या आधी व्यापारी संघटनांनी, असा नमुना छापून वाटला तर त्याला कायद्याची वाट पाहावी लागणार नाही, खर्चही नगण्य. आणि जे दुकान अशी पावती स्वतःहून देईल, ते चार गिऱ्हाइके अधिकच मिळवील. दुरुस्तीच्या वेळी दुकानदाराला प्रवेश हवा असेल तर तो मालकाने त्या दिवसापुरता द्यावा आणि संध्याकाळी काढून घ्यावा.

एक गोष्ट मात्र पावतीत मावणारी नाही. कॅमेऱ्याने फाटक पाहावे, जिना पाहावा, अंगण पाहावे. परंतु आजारी आईकडे लक्ष राहावे या हेतूने तो जेव्हा तिच्या खाटेसमोर लावला जातो, किंवा मोलकरणीवर नजर म्हणून स्वयंपाकघरात, तेव्हा कितीही भक्कम पासवर्ड घातला तरी त्या चित्रांना पाहणारे अधिकृत डोळेच प्रथम मोजले पाहिजेत. आईला विचारले होते काय? मोलकरणीला सांगितले होते काय? जे चित्र कधी टिपलेच गेले नाही ते चोरीला जाऊ शकत नाही, आणि इतकी स्वस्त सुरक्षा बाजारात कोठेही विकत मिळत नाही.

ज्यांच्या घरी कॅमेरे आहेत त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर बसविणाऱ्या दुकानाला दूरध्वनी करावा, मुख्य पासवर्ड मागून घ्यावा आणि तो मिळताच बदलावा. दुकानदार कुरकुर करू लागला तर कंपनीच्या सेवाकेंद्राकडून पेटी मूळपदावर आणून घ्यावी. घरचे चित्रण बाहेर गेल्याचा संशय जरी आला, तरी पेटीतील काही न पुसता तिचे इंटरनेट काढावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.